गोव्याच्या सड्यावरची रानफुलं आणि त्यांची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, निळ्या-जांभळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फुलांचे पट्टे उमटतात. वेर्णा, धारगळ, सुकूर, बांबोळी, काब द राम, आणि वर घाटात चोर्ला. जून उजाडेपर्यंत जिथे काळा-तांबडा कातळ भाजत पडलेला असतो, तिथेच हे सगळं घडतं. पाहायला जाणारी माणसं साहजिकच विचारतात की एवढी फुलं येतात कुठून, आणि आपल्या परसात खत-पाणी घालूनही असं का होत नाही. या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर फुलांवरून नजर काढून खाली, मातीकडे न्यावी लागते. इथे बरेच प्रश्न सीतेच्या आसवांभोवती फिरतात, कारण सड्याच्या मातीचा स्वभाव या इवल्या झाडाइतका स्पष्ट दुसरं कुणीच दाखवत नाही.

सडा म्हणजे कातळच ना? तिथे माती असते तरी का?

असते, पण जागोजागी वेगळी. मूळ खडकावर लाखो वर्षं ऊन आणि मुसळधार पाऊस पडत राहिला की त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम, पालाश विरघळून निघून जातात. मागे उरतात ती लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. त्यांचाच हा भोकाभोकांचा जांभा दगड. आपण त्याचे चिरे काढून घरं बांधतो. फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने मलबारातल्या अंगाडीपुरम इथे असाच दगड पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट हे नाव दिलं. आज जगभर तेच चालतं.

सड्यावर उकिडवं बसून पाहिलं तर हाताच्या अंतरात तीन वेगळ्या जमिनी दिसतात. पहिला उघडा कातळ, ज्यावर काळपट शेवाळाचा थर आणि दगडफूल एवढंच. त्याला लागून उथळ खळगा, त्यात बोटाच्या एक-दोन पेरांएवढी बारीक, तांबूस-करडी माती आणि पावसात सतत पाणी. आणि पलीकडे एखादी भेग किंवा कड, जिथे माती हातभर खोल गेलेली असते आणि करवंद, चुरणं यांची झुडपं उभी असतात. सीतेची आसवं तुम्हाला मधल्या खळग्यात सापडतील. कातळावर ती टिकत नाहीत आणि झुडपाखाली जात नाहीत. मातीची खोली दोन बोटांनी बदलली की वस्ती बदलते.

ही माती नापीक आहे, असंच सगळे सांगतात. मग फुलं एवढी कशी?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माती गरीब आहे हे खरं. पण ती गरीब आहे म्हणूनच ही फुलं तिथे आहेत.

ज्या जमिनीत नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, पाणी बेताचं आणि माती खोल, तिथे भराभर उंच वाढणारं गवत आणि झुडपं जिंकतात. त्यांच्या सावलीत वीतभर उंचीच्या झाडाला ऊन मिळत नाही. सड्याच्या खळग्यात मात्र उंच गवताला हातपाय पसरायला ना माती आहे ना अन्न. चार महिने पाणी तुंबलेलं आणि आठ महिने रखरखाट. त्यामुळे जागा मोकळी राहते, ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचतं, आणि थोडक्यात भागवणाऱ्या लहान वनस्पतींना आपला मोसम मिळतो.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. काही तुकड्यांना खत घालतात, काहींना काहीच नाही. बिनखताच्या तुकड्यांत आजही सगळ्यात जास्त जातींची गवतं-फुलं आहेत. नत्र भरपूर मिळालेल्या तुकड्यांत जाती घटत जाऊन मोजकी दांडगी गवतं उरली. हवामान वेगळं, झाडं वेगळी, पण वेर्ण्याच्या सड्यावरही हेच तत्त्व लागू पडतं.

या मातीत नेमकं काय कमी असतं?

प्रामुख्याने नत्र आणि स्फुरद. नत्र कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून येतो, आणि सड्यावर पाचोळाच कमी. जो थोडा नत्र तयार होतो तो पहिल्या पावसात वाहून जातो किंवा पाणी तुंबल्यावर जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात.

स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे. तो मातीत अगदीच नसतो असं नाही, पण लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं त्याला इतकं घट्ट धरून ठेवतात की मुळांना तो मिळत नाही. जांभ्या मातीत भात किंवा काजू लावणाऱ्या शेतकऱ्याला हे अनुभवाने माहीत असतं. स्फुरदाचं खत घातलं तरी त्यातला मोठा वाटा माती गिळून टाकते.

तिसरी अडचण आम्लतेची. इथल्या जांभ्या मातीचा सामू (पीएच; ७ च्या खाली जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण ५ ते ६ च्या मध्ये असतो. तो ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांच्या टोकांना इजा करू लागतं, मुळं आखूड आणि जाड राहतात, आणि झाड पाणी असूनही तहानलेलं दिसतं. सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढणाऱ्या जातींना ही आम्लता झेपते. बाहेरून आणलेल्या बऱ्याच बागेतल्या झाडांना ती झेपत नाही.

सीतेची आसवं खरंच किडे खातात? मातीशी त्याचा काय संबंध?

खातात, आणि संबंध थेट आहे.

या झाडांचं शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया. गोव्यात त्याच्या अनेक जाती आहेत. त्यातली रेटिक्युलाटा ही जात तर भाताच्या मळ्यातही दिसते, भाताच्या काडीला वेटोळं घालत वर चढलेली. जमिनीवर दिसतो तो फक्त एक बारीक दांडा आणि त्याच्या टोकाची जांभळी-निळी फुलं. या झाडाला खरी मुळं नसतातच. चिखलात पसरलेले असतात केसाएवढे तंतू, आणि त्यांच्यावर टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पारदर्शक पिशव्या.

पाण्यात हलकेच धुतलेला चिमूटभर चिखल बशीत घेऊन भिंगाखाली धरला, तर या पिशव्या दिसतात. प्रत्येकीला एका टोकाला तोंड, तोंडावर झडप, आणि झडपेजवळ बारीक केस. पिशवी आतलं पाणी सतत बाहेर फेकत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात आणि आतला दाब बाहेरपेक्षा कमी होतो. चिखलातला एखादा सूक्ष्म कृमी त्या केसांना लागला की झडप आत उघडते आणि पाण्यासकट तो ओढला जातो. हे सगळं काही हजारांश सेकंदांत उरकतं. मग झडप बंद होते आणि आत पाचकरस सुटतात. त्या रसांत फॉस्फेटेज हे विकर ठळकपणे आढळतं. त्याचं कामच सेंद्रिय पदार्थातला स्फुरद मोकळा करायचं. जी वस्तू जांभा धरून ठेवतो, ती हे झाड कृमीच्या शरीरातून काढून घेतं.

लक्षात घ्या, साखर आणि ऊर्जा ही झाडं उन्हातूनच बनवतात. शिकारीतून ती मुख्यतः नत्र आणि स्फुरद मिळवतात.

शेजारीच दवबिंदू असतो, म्हणजे ड्रॉसेरा. त्याला मुळं आहेत, पण तुटपुंजी. त्याच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि त्यांत चिलटं अडकतात. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी १८७० च्या दशकात विलायती दवबिंदूवर प्रयोग केला. काही झाडांना मांसाचे कण भरवले, काहींना उपाशी ठेवलं. पानांच्या वाढीत फरक पडला तो बेताचाच, पण भरवलेल्या झाडांनी बिया कितीतरी जास्त धरल्या. सड्यावरच्या एका पावसाच्या आयुष्यात हाच हिशोब मोलाचा आहे. इथलं ड्रॉसेरा इंडिका बियांतूनच पुढच्या वर्षी येतं.

मग आणखी खत मिळालं तर ही झाडं जास्त जोमाने वाढतील का?

नाही. उलट ती त्या जागेवरून जातील.

शिकारीची हत्यारं बनवायला आणि चालवायला खर्च येतो. पिशवीतून सतत पाणी उपसायचं म्हणजे श्वसन वाढतं, साखर जळते. जी ऊती पान बनून प्रकाशसंश्लेषण करू शकली असती, ती पिशवी बनते. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिवनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हा जमाखर्च मांडला: ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि अन्नद्रव्यं अगदी कमी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच मांसाहार झाडाला परवडतो. ऑगस्टमधला सडा ही तिन्ही अटी पुऱ्या करतो.

अन्नद्रव्यं वाढली की हत्यारांचा उपयोग संपतो. अॅरन एलिसन आणि निकोलस गोटेली यांनी २००२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या घटपर्णीबद्दल (पानांच्या घटांत किडे पकडणारं झाड) दाखवलं की नत्र वाढवला की ती घट कमी करून सपाट पानं जास्त काढते. म्हणजे झाडाचं शरीरच मातीप्रमाणे आकार बदलतं. सड्यावर त्याहून मोठा धोका गवताचा आहे. खताने गवत आधी उठतं, आणि सहा इंचांच्या आसवांवर सावली पडते. एवढं पुरतं.

चार महिने पाण्यात राहून मुळं कुजत कशी नाहीत?

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, म्हणून पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो. साध्या झाडाची मुळं गुदमरतात, पाणी उपसणं थांबवतात, आणि पायथ्याशी पाणी असताना झाड कोमेजतं.

गेंद, म्हणजे इरिओकॉलॉन, यावर उत्तर घेऊनच जन्माला येतो. पांढऱ्या मण्यासारखं फूल वर दिसतं, त्याच्या बुडाशी पांढरी, दोऱ्यासारखी मुळं असतात. भिंगाखाली त्यांत ओळीने आडवे पडदे आणि मध्ये हवेच्या पोकळ्या दिसतात. पानातली हवा या पोकळ्यांतून मुळाच्या टोकापर्यंत जाते, आणि थोडा ऑक्सिजन बाहेरच्या चिखलातही झिरपतो.

तो झिरपणारा ऑक्सिजन आणखी एक काम करतो. हवा नसलेल्या मातीत जिवाणू लोहाचा वापर श्वसनासाठी करतात, तेव्हा न विरघळणारं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं. ते जास्त झालं तर विषारी. डोंगराच्या पायथ्याच्या मळ्यात भाताची पानं तांबूस पडतात, त्यामागे पुष्कळदा हेच लोह असतं. मुळाभोवती ऑक्सिजन असला की लोह तिथेच गंजून बाहेर बसतं आणि आत शिरत नाही. पाणथळीतल्या झाडांच्या मुळांवर गंजाचा नारिंगी लेप दिसतो तो याचा.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत फेलिक्स पोन्नमपेरुमा यांनी बुडालेल्या मातीच्या रसायनाचा पाया घातला. त्यांच्या कामातून कळतं की आम्ल माती काही आठवडे पाण्याखाली राहिली की तिचा सामू वर सरकतो, आणि लोह सुटतं तेव्हा त्याने धरलेला थोडा स्फुरदही सुटतो. सड्याच्या पातळ, पाचोळा नसलेल्या मातीत हा बदल मळ्यापेक्षा कमीच असतो. पण पावसाच्या मध्यावर खळग्यातली माती जूनमधली राहिलेली नसते, हे नक्की.

खळग्यातल्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसतो. गाड्यांचं तेल आहे का?

काडीने डिवचून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगवेगळे तरंगले तर ते लोह आणि लोहावर जगणारे जिवाणू. डिवचल्यावर तवंग फिरून एकत्र आला तर तेल. सड्यावर बहुतेक वेळा पहिलंच असतं, आणि ते पूर्णपणे नैसर्गिक आहे.

ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस पाऊस उघडला तर काय होतं?

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पण दोन बोटं जाडीच्या मातीत साठणार किती? कडक ऊन पडलं की तीन-चार दिवसांत खळगा आटतो आणि मातीला भेगा जातात. बाजूच्या खोल मातीत त्याच वेळी काहीच फरक जाणवत नाही.

तेरडा हे लगेच दाखवतो. त्याचा देठ रसाळ, पानं पातळ, मुळं उथळ. दुपारी पानं खाली पडतात, संध्याकाळी परत उभी राहतात. तोपर्यंत पर्णरंध्रं मिटून घेऊन तो पाणी वाचवत असतो, पण रंध्रं मिटली की आत कार्बन डायऑक्साइडही येत नाही, म्हणून वाढ थांबते. उघडीप लांबली तर खालची पानं पिवळी होऊन गळतात. आसवांना मुळं नसल्याने त्यांची गत आणखी अवघड: चिखल सुकला की पिशव्या निकामी.

यावर एकवर्षायू झाडांचा एकच उपाय आहे, घाई. माती आटू लागल्याची खूण मिळाली की ती वाढ सोडून फुलाकडे वळतात. म्हणून एखाद्या वर्षी बोटभर झाडाला एकच फूल येतं आणि तेही लवकर.

एकाच जातीचं झाड इथे बोटभर आणि तिथे हातभर. जाती वेगळ्या का?

बहुधा नाही. तेरडाच घ्या. रस्त्याच्या कापलेल्या दरडीवर, जिथे माती भुसभुशीत आणि पाणी निथळून जातं, तिथे तो कंबरेएवढा होतो. पन्नास पावलांवर कातळाच्या खळग्यात तोच वीतभर. बी तेच, माती वेगळी. कमी मातीत झाड पानांपेक्षा मुळांवर जास्त खर्च करतं, पानं लहान नि जाड ठेवतं, पेरांमधलं अंतर कमी करतं. त्या बुटक्या झाडाचं बी खोल मातीत पेरलंत तर पुढच्या वर्षी ते उंच वाढण्याची शक्यता मोठी. सड्यावरच अनेक पिढ्या काढलेल्या काही जातींत बुटकेपणा वंशातही उतरतो, त्यामुळे नुसत्या उंचीवरून जात ठरवू नये. फूल आणि बोंड पाहावं.

मातीमुळे फुलाचा रंग बदलतो का?

बागेतल्या हायड्रेंजियाचा बदलतो. आम्ल मातीतलं ॲल्युमिनियम तिच्या फुलात पोहोचलं की गुलाबी फूल निळं होतं. त्यामुळे लोकांना वाटतं की सगळ्याच फुलांचं असं असेल. तेरड्याचा गुलाबी, जांभळा किंवा पांढरा रंग मात्र वंशातून येतो, आसवांचा निळाही. मातीचा परिणाम एवढाच की उपाशी किंवा तहानलेल्या झाडाचं फूल लहान आणि फिकट येतं. स्फुरद कमी पडला की पानं आणि देठ जांभळट होतात, तो रंग फुलाचा समजू नका.

आमरी, कवला, कळलावी यांनाही हीच माती लागते का?

नाही, प्रत्येकीची सोय वेगळी.

जमिनीवरची हबे आमरी जूनच्या पहिल्या पावसात जमिनीतल्या गड्ड्यातून वर येते. तिची बी धुळीसारखी, आत साठवलेलं अन्न जवळजवळ नाही. मातीत तिच्या ओळखीची बुरशी असेल तरच ती रुजते, कारण पहिलं अन्न बुरशीच पुरवते. अशी माती एकदा उकरून पलटली की गड्डे वाचले तरी नवीन रोपं येणं थांबू शकतं. आमरी उपटून घरी लावली की ती का मरते, याचं उत्तरही यातच आहे.

कवला, पिवळ्या फुलांची स्मिथिया, हे कडधान्याच्या कुळातलं झाड. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र बांधतात. म्हणजे आसवं ज्याची शिकार करतात ते कवला हवेतून घेतो. पण गाठी चालवायला स्फुरद लागतो, तो इथे दुर्मीळच.

कळलावीला, जिला इथे वाघनखीही म्हणतात, निथळणारी माती हवी. सड्याची कड, गडग्याचा आडोसा, चिऱ्यांचा ढिगारा. तिचा कंद पाण्यात बुडून राहिला तर कुजतो. माटोळीला (चवथीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधायला घरी आणता तेव्हा मुलांना सांगा की तिचा कंदच काय, कुठलाही भाग तोंडात घालायचा नाही. त्यात कोल्चिसिन हे जहाल विष असतं.

खाजनात आणि समुद्रकाठी फुलणाऱ्या झाडांचं काय?

तिथे प्रश्न मिठाचा. खाजनाच्या, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यालगतच्या सखल जमिनीच्या, बांधावर काटेरी पानांची, निळसर फुलांची मारांडी उभी असते. खाऱ्या मातीत पाणी असतं, पण मिठामुळे ते मुळांना ओढून घेणं कठीण. मारांडीच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी आहेत. उन्हात पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर चव कळते. वाळूच्या टेकड्यांवरची जांभळ्या फुलांची मर्यादवेल पेरापेराला मुळं सोडते, कारण वाळूत ना पाणी टिकतं ना अन्न, आणि वाळू सरकत राहते.

मोकळा सडा पाहून वाईट वाटतं. पावसात तिथे झाडं लावली तर चांगलंच ना?

भावना चांगली आहे, पण जागा चुकीची. कृपया लावू नका.

सडा ओसाड पडलेलं जंगल नाही. ती स्वतंत्र परिसंस्था आहे आणि तिला उघडं राहावंच लागतं. झाड लावायला खड्डा खणला, बाहेरची माती आणि शेण घातलं की तीन गोष्टी एकदम होतात. कठीण कवच फुटतं आणि खळग्यातलं पाणी खाली निघून जातं. अन्नद्रव्यं वाढतात आणि गवत, रानमोडी, घाणेरी शिरतात. सावली पडते. आणि त्या कातळात पुरेशी खोल माती नसल्याने बरीचशी रोपं उन्हाळ्यात मरतातच.

यात सगळ्यात वाईट ऑस्ट्रेलियन अकेशिया. गोव्यात खाणींच्या ढिगाऱ्यांवर तो मोठ्या प्रमाणावर लावला गेला, कारण तो निकृष्ट मातीतही वाढतो. त्याच्या मुळांवरच्या गाठी मातीत नत्र भरतात आणि त्याचा जाड, सावकाश कुजणारा पाचोळा जमीन झाकून टाकतो. सड्यावर बी वाऱ्या-पाण्याने पोहोचलं की काही वर्षांत खाली फुलांना जागाच उरत नाही. झाडं लावायची असतील तर गावातल्या रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, कुळागराच्या कडेने लावा. तिथे त्यांची गरज आहे.

गुरं चरतात, त्याने नुकसान होतं का?

थोडी गुरं उपयोगी पडतात. ती उंच गवत खाली ठेवतात. एका जागी रोज मोठा कळप बसवला की शेणाने तिथली माती बदलते आणि टाकळा माजतो. गाड्यांची चाकं मात्र गुरांहून कितीतरी वाईट. ओल्या मातीवरून एकदा चाक गेलं तरी मातीतल्या हवेच्या जागा दबतात आणि त्या चाकोरीत पुढच्या पावसाळ्यातही फूल येणं कठीण होऊ शकतं.

चिऱ्यांसाठी खणलेल्या किंवा खाणीच्या जागेवर ही फुलं परत येतील?

चिरेखाणीच्या तळाला पाणी साठतं, तिथे गेंद आणि काही पाणवनस्पती येताना दिसतात. मूळ वस्ती मात्र सहज परतत नाही. वरच्या दोन बोटांच्या मातीत बियांचा साठा, बुरशी आणि जिवाणू असतात, आणि खणताना सगळ्यात आधी जाते ती हीच माती. ती बाजूला राखून, न मिसळता, त्याच खोलीच्या खळग्यात परत पसरली तर आशा असते. लोहखनिजाच्या ढिगाऱ्यावर ही पातळ, पाणी धरणारी रचनाच नसते. तिथे जे हिरवं दिसतं ते वेगळ्याच झाडांचं.

घरी कुंडीत सीतेची आसवं लावता येतील का?

उपटून आणलेली जगत नाहीत. त्यांचे तंतू मातीतून काढतानाच तुटतात. हौस असेल तर तेरडा लावा. त्याच्या बिया पिकलेल्या बोंडातून हात लावताच उडतात, त्या गोळा करून मे अखेरीस पेरा. जांभी माती, वाळू आणि थोडं जुनं पानखत पुरे. खत जास्त झालं तर पानं माजतात आणि फुलं उशिरा येतात.

शाळेतल्या मुलांकडून सड्यावर काय करून घेता येईल?

विणकामाची सुई आणि पट्टी न्या. चार काठ्या आणि दोरीने एक मीटरचा चौकोन आखा, त्यात सुई टोचून ठिकठिकाणी मातीची खोली मोजा आणि तिथे कोणतं झाड आहे ते लिहा. सामूच्या कागदाने खळग्यातलं पाणी जूनमध्ये, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये तपासा. दुपारी कातळाचं, मातीचं आणि पाण्याचं तापमान वेगवेगळं घ्या. पुढच्या वर्षी त्याच चौकोनावर परत जा. काहीही उपटू नका, आणि उघड्या कातळावरूनच चाला. पाय चिखलात पडला की आपण जे बघायला आलो तेच तुडवतो. मध्य ऑगस्ट ते ऑक्टोबरची सुरुवात हा उत्तम काळ.

माझ्या जमिनीत सड्याचा तुकडा आहे. माती तपासून घेऊ का, आणि त्याचं काय करू?

जरूर तपासा. कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते. पण अहवाल वाचताना सावध राहा. त्यात सामू कमी, नत्र कमी, स्फुरद कमी असं येईल, आणि चुना, शेणखत, रॉक फॉस्फेट घालायची शिफारस असेल. ती शिफारस भाताला, नारळाला, काजूला बरोबर आहे. आसवांच्या खळग्याला ती लावू नका. बागायतीचा भाग आणि सड्याचा भाग नकाशावर वेगळा करा. बागायतीतलं खताचं पाणी सड्यावर उतरणार नाही अशी पन्हळ काढा. सड्यावरून रस्ता न्यायचाच असेल तर पाण्याच्या वाटा पावसाळ्यात आधी पाहून ठेवा, कारण भराव घातला की एका बाजूला तळं होतं आणि दुसरी बाजू कोरडी पडते. अकेशियाची रोपं लहान असतानाच, पावसात माती ओली असते तेव्हा, मुळासकट काढा. पातळ मातीतली त्यांची कोवळी मुळं तेव्हा अलगद निघतात. उशीर झाला तर ती जांभ्याच्या भेगांत शिरतात आणि मग कोयत्याशिवाय सुटका नसते.